आधी दवाखाना ठरवा, मग विमा

पत्र:

‘ताई, मी सेलूला खासगी शाळेत शिकवते. आई आणि अण्णा जिंतूर तालुक्यात गावी राहतात. अण्णा ७२ वर्षांचे. बारा वर्षांपासून शुगर आहे, चार वर्षांपूर्वी एक स्टेंट बसवला. आई ६६ वर्षांची. बीपीची एक गोळी चालू आहे आणि गुडघे फार दुखतात. रेशनकार्ड केशरी आहे. दादा चाकणला कंपनीत आहे, तिथे त्याला तीन लाखांचा विमा मिळतो. मागच्या पावसाळ्यात अण्णांना न्यूमोनिया झाला. संभाजीनगरला आठ दिवस खासगी दवाखान्यात ठेवलं आणि एक लाख चाळीस हजार गेले. घरात ठेवलेलं सोयाबीन पडेल त्या भावात विकलं, उरलेले उसने घेतले. आता एका एजंटाने तीन कागद दिलेत. पहिला दोघांचा मिळून ३ लाखांचा, वर्षाला ३१,००० रुपये. दुसरा दोघांचा मिळून ५ लाखांचा, ६४,०००. तिसऱ्यात वेगवेगळ्या पॉलिसी, अण्णांची ५ लाखांची ३८,५०० आणि आईची ५ लाखांची २६,५००. मी वर्षाला ओढूनताणून पस्तीस-चाळीस हजार देऊ शकते. दादा म्हणतो सरकारी कार्ड असताना हे कशाला. आई म्हणते लेकीच्या पैशावर आम्हाला जगायचं नाही. एजंट म्हणतो शुगर आणि स्टेंटचं फॉर्मवर लिहू नका. मला काहीच सुधरत नाही.’

उत्तर:

ताई, तुम्ही आकडे नीट लिहून पाठवलेत म्हणून थेट सांगता येतंय. या तीन कागदांतला एकही कागद आहे तसा घेऊ नका. तिसऱ्यातली फक्त आईची पॉलिसी घ्या. अण्णांसाठी आधी सरकारी कार्ड काढा, त्यांच्यासाठी ३८,५०० भरू नका. असं का म्हणते ते आता सविस्तर सांगते, कारण तुम्हाला हे दादालाही पटवून द्यावं लागेल आणि आईलाही.

विमा घेताना सगळे हप्त्यापासून सुरुवात करतात. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत सुरुवात दवाखान्यापासून करावी. अण्णांच्या छातीत रात्री दोनला दुखायला लागलं तर तुम्ही त्यांना कुठे नेणार? परभणीला, नांदेडला की संभाजीनगरला? स्टेंट जिथे बसवला तिथेच जाणार ना? तो दवाखाना कोणत्या योजनेत आहे आणि कोणत्या कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे, म्हणजे कुठली कंपनी तिथलं बिल थेट भरते, हे आधी कळलं पाहिजे. मराठवाड्यात हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे मोठ्या आजाराला माणूस जिल्हा सोडून जातो. परभणीचे लोक नांदेड-संभाजीनगरला, लातूर-धाराशिवचे सोलापूर-पुण्याला, नांदेडचे हैदराबादला. त्यामुळे पुण्यातल्या माणसाला चालणारी पॉलिसी जिंतूरच्या माणसालाही चालेल, असं धरून चालू नये.

आता दादाच्या म्हणण्याकडे येऊ. त्याचं बरंचसं बरोबर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्याकडे नवी नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती मोजक्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यात नांदेड होतं. पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांना तर ती होतीच, शिवाय पुढे मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही लागू होती. आता ती राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. म्हणजे मागच्या पावसाळ्यात अण्णांना ॲडमिट केलं तेव्हाही तुमच्या घरात ही योजना होती. त्या दवाखान्यात ती चालते का, हे कुणी विचारलं नाही आणि दवाखान्यानेही सांगितलं नाही. यात तुमचा दोष काढत नाही. माणूस धापा टाकत असताना कुणाला सुचतं? म्हणूनच ही चौकशी माणूस बरा असताना करून ठेवायची.

अण्णांसाठी दुसरी गोष्टही आहे. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. त्याचं वेगळं कार्ड निघतं, आयुष्मान वय वंदना. यात शुगर आहे, स्टेंट आहे म्हणून कुणी नाकारत नाही. संरक्षण सुरू होईपर्यंत थांबायचा काळ नाही, हप्ता नाही. बहात्तराव्या वर्षी, बारा वर्षांची शुगर आणि एक स्टेंट असलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून हृदयाचं संरक्षण देणारी खासगी पॉलिसी मिळणं फार अवघड आहे. तेच या कार्डावर फुकट मिळतंय, मग ते आधी काढायलाच हवं. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येतं, त्यामुळे पुढे कधी पॉलिसी घेतलीत तरी काही बिघडत नाही.

कार्ड काढताना एक अडचण हमखास येते. वय धरलं जातं आधारवरचं. आपल्याकडच्या शेतातल्या पिढीच्या आधारवर जन्मतारीख काय असते ते तुम्ही शाळेत आहात म्हणून तुम्हाला चांगलं माहीत असेल. अंदाजे वय सांगितलं आणि ऑपरेटरने १ जानेवारी टाकून मोकळं केलं, असं कित्येकांचं झालंय. अण्णा ७२ आहेत म्हणता, पण आधारवर ६८ निघाले तर कार्ड निघणार नाही. आजच आधार काढून बघा. चूक असेल तर वयाचा कोणता पुरावा चालतो ते आधार केंद्रावर विचारा आणि तारीख दुरुस्त करून घ्या. दुसरी अडचण बोटांची. आयुष्यभर कापूस वेचलेल्या, खुरपं चालवलेल्या हातांचे ठसे मशीन घेत नाही. तिथून माणसं परत फिरतात आणि ‘होत नाही’ म्हणून विषय सोडून देतात. आधारला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर ओटीपीवर काम होतं, चेहरा दाखवूनही होतं. म्हणून केंद्रावर जाण्याआधी अण्णांच्या आधारला चालू नंबर जोडून घ्या, आणि तो तुमचा किंवा दादाचा असू द्या. कार्ड सेवा केंद्रावर निघतं, योजनेतल्या दवाखान्यात निघतं, आयुष्मान ॲपवरून घरीही निघतं. गावच्या आशाताईंना विचारा, त्यांना तालुक्यातली शिबिरं ठाऊक असतात.

कार्ड हातात आलं की काम संपलं असं मात्र धरू नका, आणि दादा इथेच चुकतोय. योजना प्रत्येक दवाखान्यात नसते. जिथे असते तिथेही सगळे विभाग योजनेत असतातच असं नाही. एखाद्या दवाखान्यात किडनीचं डायलिसिस योजनेत आणि हाडांचा विभाग योजनेबाहेर, असं असू शकतं. शिवाय उपचारांची ठरलेली यादी आहे आणि ओपीडीचा खर्च त्यात येत नाही. म्हणून अण्णांचा स्टेंट झाला त्या दवाखान्यात एकदा मुद्दाम जा. दाराजवळ आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं टेबल असेल. त्यांना नेमके तीन प्रश्न विचारा. हृदयाचा विभाग योजनेत आहे का? फुप्फुसाचा, म्हणजे न्यूमोनियासारखा आजार घेता का? गुडघा बदलायची शस्त्रक्रिया इथे योजनेतून होते का, की त्यासाठी सरकारी दवाखान्यातच जावं लागेल? उत्तरं वहीत लिहून घ्या. मग हेच प्रश्न परभणीत आणि नांदेडलाही विचारा. सेलूहून रेल्वेने संभाजीनगरला जाऊन संध्याकाळी परत येता येतं, रविवार सोडून एखादा कामाचा दिवस त्यासाठी काढा.

आणि हे फार पक्कं लक्षात ठेवा. ॲडमिट करतानाच ‘आम्हाला योजनेत घ्या’ म्हणायचं. आधी पैसे भरून मागाहून परत मिळवायची ही योजना नाही. रात्रीची वेळ असेल, आरोग्यमित्र टेबलवर नसेल, तर १५५३८८ वर फोन करून नोंद करायला सांगा. आयुष्मानचा नंबर १४५५५ आहे. योजनेतला दवाखाना योजनेच्या उपचारासाठी वर पैसे मागत असेल तर तक्रारही याच नंबरांवर करायची. हे दोन्ही नंबर आई-अण्णांच्या फोनमध्ये टाका आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवा, कारण ऐनवेळी फोनची बॅटरी संपलेली असते.

आता एजंटाचे कागद. दुसरा कागद मी आधीच बाजूला ठेवते. दोघांचा मिळून एकच विमा, म्हणजे फ्लोटर, घेतला की हप्ता सहसा मोठ्या माणसाच्या वयावर लागतो. आई ६६ ची असून तिचा हप्ता ७२ च्या हिशोबाने भरायचा. आणि पाच लाख दोघांत वाटून. अण्णांचे एका आजारात चार लाख गेले तर त्या वर्षी आईला एकच लाख उरतो. याउलट तिसऱ्या कागदात ६५,००० मध्ये दोघांना पाच-पाच लाख वेगळे आहेत. फक्त हजार रुपयांचा फरक. एजंटाने हे तुम्हाला सांगायला हवं होतं. तरुण नवरा-बायको आणि लहान मुलं असतील तर फ्लोटर परवडतो. सत्तरीच्या पुढे-मागे असलेल्या जोडप्याने शक्यतो वेगळ्याच पॉलिसी घ्याव्यात.

पहिला कागद स्वस्त दिसतो, आणि लोक तोच उचलतात. तुम्ही त्याचा फोटो पाठवलाय म्हणून बारीक अक्षरातलं वाचता आलं. खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. आणि प्रत्येक बिलात २० टक्के तुमचे. याला को-पे म्हणतात. याचा अर्थ काउंटरवर काय होतो ते बघा. समजा आईला सहा दिवस ठेवलं आणि बिल झालं दोन लाख. त्यात औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट (शरीरात बसवायचा भाग) ८०,०००. खोलीचे ३०,०००, कारण ३,००० ची खोली रिकामी नव्हती आणि तुम्ही ५,००० ची घेतली. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग वगैरे ९०,०००. तुम्हाला वाटेल खोलीचे वरचे दोन-दोन हजार आपण भरू, म्हणजे बारा हजार. तसं होत नाही. मंजूर खोली ३,००० ची आणि घेतली ५,००० ची, म्हणून कंपनी डॉक्टरांची फी आणि थिएटरचे पैसेही त्याच प्रमाणात, ६० टक्केच धरते. ९०,००० चे झाले ५४,०००. खोलीचे १८,०००. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट यांवर ही कात्री चालवता येत नाही, ते ८०,००० पूर्ण. बेरीज १,५२,०००. त्यातून २० टक्के को-पे, म्हणजे ३०,४०० वजा. कंपनी देणार १,२१,६००. दोन लाखांच्या बिलात तुमच्या खिशातून ७८,४०० गेले, आणि वर्षाचे ३१,००० आधीच भरलेले. हातमोजे, मास्क असल्या किरकोळ गोष्टींचे पैसे त्याहून वेगळे. म्हणून हप्त्याच्या आकड्याशेजारी हा आकडा लिहिल्याशिवाय दोन पॉलिसींची तुलना होऊच शकत नाही. ‘खोलीभाड्याला मर्यादा नाही’ किंवा ‘सिंगल एसी खोलीपर्यंत’ असं लिहिलेली पॉलिसी पाच-सहा हजारांनी महाग असली तरी म्हाताऱ्या माणसासाठी तीच बघावी.

आणखी एक अट आपल्या भागातल्या लोकांनी शोधून वाचायलाच हवी, ती म्हणजे झोन. काही कंपन्या शहरांप्रमाणे हप्ता लावतात. जिंतूरचा पत्ता दिला की हप्ता कमी येतो आणि आपण खूश होतो. पण त्याच पॉलिसीवर पुण्या-मुंबईसारख्या वरच्या झोनमध्ये उपचार घेतले की बिलातला ठरावीक टक्का तुमच्यावर येतो. दादा चाकणला आहे, उद्या आईची शस्त्रक्रिया पुण्यात करायची ठरली तर ही अट नेमकी आडवी येईल. थोडा जास्त हप्ता देऊन वरचा झोन घेता येतो. एजंटाला सरळ विचारा, ‘पुण्यात ॲडमिट केलं तर पूर्ण देणार का?’ आणि उत्तर तोंडी घेऊ नका, पॉलिसीच्या कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगा. कंपनीला ग्राहक माहिती पत्रक नावाचा दोन-चार पानांचा सोपा गोषवारा द्यावाच लागतो आणि मागितला तर आपल्या भाषेतही. तो मराठीत मागा. अण्णांना वाचून दाखवता येईल.

आता आईची पॉलिसी का घ्या म्हणते? ती ६६ ची आहे आणि तिच्याकडे फक्त बीपीची एक गोळी आणि गुडघे आहेत. आज कंपनी तिला घेईल. आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबवू शकते. पूर्वी हे ४ वर्षं होतं, एप्रिल २०२४ पासून कमी झालं. म्हणजे ६९ व्या वर्षी तिचा थांबायचा काळ संपलेला असेल आणि खरी गरज पुढेच असते. सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं यांसाठी बहुतेक पॉलिसींत दोन ते तीन वर्षं थांबावं लागतं, आजार आधी असो वा नसो. त्यामुळे पुढच्या दिवाळीत गुडघ्याचं ऑपरेशन करू आणि त्यासाठी आता पॉलिसी घेऊ, असा विचार असेल तर तो सोडा. गुडघा आधी सरकारी योजनेतून होतो का ते बघा. पॉलिसी पुढच्या वीस वर्षांसाठी आहे. एकदा घेतली आणि न चुकता भरत राहिलात की वय वाढलं किंवा क्लेम केला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. साठीच्या पुढच्यांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला जानेवारी २०२५ पासून आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं. तरीही वाढ होणार, हे धरून चला. आज २६,५०० आहेत, ते पाच वर्षांनी नसतील. तुमच्या पगारातून तेव्हाही झेपेल का, याचा विचार आत्ताच करा, कारण तीन वर्षं भरून चौथ्या वर्षी सोडलेली पॉलिसी म्हणजे सगळाच तोटा.

अण्णांसाठी तोच हिशोब उलटा पडतो. हृदय आणि शुगरसाठी तीन वर्षं थांबायचं, म्हणजे १,१५,५०० रुपये भरून झाल्यावर ७५ व्या वर्षी त्यांच्या मुख्य आजाराचं संरक्षण सुरू होणार, तेही को-पे सकट. या काळात डेंग्यू, न्यूमोनिया, पाय घसरून हाड मोडणं यांचा खर्च मिळाला असता हे खरं आहे, ते मी लपवत नाही. तुमची ऐपत सत्तर हजारांची असती तर दोन्ही घ्या म्हटलं असतं. पण तुमच्याकडे चाळीस आहेत. त्यातले २६,५०० आईला गेले की उरलेले दहा-बारा हजार वर्षाला पोस्टात आवर्ती ठेवीत टाका, खात्याला अण्णांचं नाव द्या. योजनेबाहेरची तपासणी, ॲम्ब्युलन्स, दवाखान्याजवळ राहणाऱ्याचा खर्च, ओपीडी, हे सगळं विमा सहसा पूर्ण देत नाही, आणि त्यासाठीच ऐनवेळी धान्य पडेल त्या भावात विकावं लागतं. शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून घेतल्या तर महिन्याच्या खर्चात चांगला फरक पडतो. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा.

दादाच्या कंपनीच्या विम्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला तो फार कामाचा वाटतो. त्याला एचआरमध्ये विचारायला सांगा की आई-वडिलांची नावं घालता येतात का आणि त्यासाठी पगारातून किती कापतील. कंपन्यांच्या सामूहिक विम्यात बरेचदा जुने आजार पहिल्या दिवसापासून घेतात. अण्णांना दारात थांबवणारी जी अट खासगी पॉलिसीत आहे ती इथे नसण्याची शक्यता मोठी आहे. नावं घालायची मुदत सहसा वर्षातून एकदाच, नूतनीकरणाच्या वेळी असते, म्हणून आजच विचारायचं. अडचण इतकीच की नोकरी गेली की विमा गेला. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का हेही विचारून ठेवायचं. आणि दादा ‘कशाला’ म्हणतोय, तर निदान ही जबाबदारी त्याने घ्यावी.

आता ज्या गोष्टीने मला खरंच राग आला ती. शुगर आणि स्टेंट लिहू नका, असं सांगणाऱ्या एजंटाकडून विमा घेऊ नका. त्याचं कमिशन फॉर्म पास झाला की सुटतं, तुमचं संकट क्लेमच्या दिवशी सुरू होतं. क्लेम कसा नाकारला जातो ते सांगते. ॲडमिट झाल्यावर रात्रपाळीचा डॉक्टर केसपेपर लिहायला घेतो. विचारतो, ‘आजोबांना शुगर कधीपासून?’ शेजारी बसलेली आई घाबरलेली असते, ती अंदाजाने म्हणते, ‘झाली की दहा-पंधरा वर्षं.’ डॉक्टर लिहितो, पंधरा वर्षांपासून. तेच वाक्य डिस्चार्ज कार्डावर उतरतं आणि तेच कंपनीकडे जातं. फॉर्मवर शुगर लिहिलेलीच नसेल तर क्लेम गेला आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. लिहिलेली असेल, पण बाराच्या जागी पंधरा पडलं तरी पत्रव्यवहार सुरू होतो. पाच वर्षं सलग हप्ते भरले की लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही असा नियम आहे, आणि एजंट त्याचाच आधार देतात. पण फसवणूक सिद्ध झाली तर तो नियम वाचवत नाही. ठरवून लपवणं याला दुसरं काय म्हणणार?

म्हणून दोन गोष्टी करा. फॉर्म स्वतः भरा. इंग्रजीत असेल तर तुमच्या शाळेतल्या कुणाला सोबत बसवा, प्रत्येक आजाराचा रकाना वाचून भरा, आईची बीपीची गोळी आणि गुडघ्याचे एक्स-रेसुद्धा त्यात लिहा, आणि भरलेल्या फॉर्मची प्रत स्वतःकडे ठेवा. पेन्सिलच्या फुलीवर सही करून कोरा फॉर्म देऊ नका, न वाचता ओटीपी सांगू नका. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या. आणि दोघांच्या आजारांचा एक-एक कागद स्वच्छ अक्षरात करा. कोणता आजार, कोणत्या महिन्यात-वर्षात निदान झालं, कोणत्या गोळ्या चालू, कशाची ॲलर्जी. त्याची प्रत आईच्या पिशवीत आणि फाइलच्या पहिल्या पानावर. रात्रीच्या डॉक्टरच्या हातात तोच कागद द्यायचा, बोलायचं नाही.

कंपनी कोणती, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. मी नाव सांगत नाही, कारण जिंतूरच्या माणसाला कोणती कंपनी नीट पैसे देते हे मला पुस्तकातून कळणार नाही. ते कळतं दवाखान्याच्या बिलिंग काउंटरवर. आरोग्यमित्राला भेटायला जाल तेव्हा शेजारच्या विमा डेस्कवरही पाच मिनिटं थांबा आणि विचारा, ‘कोणत्या कंपनीचे पेशंट डिस्चार्जला ताटकळतात?’ ती माणसं खरं सांगतात. नियमाप्रमाणे कॅशलेसचा पहिला निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत यायला हवी. कोण पाळतं ते त्यांना रोज दिसतं.

काही लहान गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय. एजंटाच्या कागदावर जीएसटीची ओळ असेल तर तो जुना दर आहे, नवा मागा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत पसंत नाही म्हणून परत करता येते, म्हणून आल्याबरोबर वाचा. हप्ता चेक किंवा ऑनलाइन भरा, रोखीने नको. आयकराच्या जुन्या करप्रणालीत असाल तर साठीच्या पुढच्या आई-वडिलांच्या विम्यावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, आणि लेकीने भरला तरी मिळते. क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्याला फी नाही, वकील लागत नाही.

राहिल्या आई. लेकीच्या पैशावर जगायचं नाही म्हणतात, तो त्यांचा मान आहे, त्याच्याशी भांडू नका. त्यांना मागच्या पावसाळ्याचा हिशोब दाखवा. एक लाख चाळीस हजार कुठून आले? तेव्हाही पोरांनीच धावाधाव केली, उसने आणले, आणि ते फेडणं अजून चालू असेल. आत्ता २६,५०० भरले तर पुढच्या वेळी तुमच्यावर आणि दादावर कर्ज होणार नाही, असं सांगा. मुलांवर ओझं नको म्हणणारी आई हे ऐकून घेते. आणि हप्ता अर्धा दादाने, अर्धा तुम्ही असा ठेवता आला तर आईंच्या मनावरचं लेकीचं दडपणही उतरेल. दादाशी बोलताना हे पत्रच त्याला वाचायला द्या, फोनवर वाद घालू नका.

क्रम असा धरा. या आठवड्यात अण्णांचं आधार तपासा आणि नंबर जोडा. मग कार्ड काढा. मग दवाखान्यात जाऊन ते प्रश्न विचारा. दादाच्या एचआरचं उत्तर आलं की मगच आईची पॉलिसी भरा, कारण त्या विम्यात आईचंही नाव बसत असेल तर पाच लाखांची पूर्ण पॉलिसी घेण्याऐवजी तीन लाखांच्या वरचा खर्च उचलणारा सुपर टॉप-अप पुष्कळ कमी हप्त्यात मिळू शकेल. मात्र दादाची नोकरी पक्की आहे का, हे त्याला मोकळेपणाने विचारूनच तो मार्ग धरा. कंत्राटी असेल तर आईची स्वतःची पॉलिसीच बरी.